थोरल्याचं सुतक

नामा तांडेलाने जिवंत मुलीच्या बांगड्या खाडीत सोडल्या, त्याला दोन वर्षं होत आली होती. रागाच्या भरात माणसं काय वाट्टेल ते बोलतात. 'तू मला मेलीस' हे तर कल्याणपासून ठाण्यापर्यंत दर गल्लीत रोज कुणीतरी कुणालातरी ऐकवत असेल, आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला दूध आणायला पाठवत असेल. नामा नुसता बोलून थांबला असता तर काही बिघडलं नसतं. पण तो पडला तांडेल, वस्तीच्या रीती सांभाळणाऱ्या घरातला. त्याला सगळं रीतसर लागायचं.

डोंबिवली पश्चिमेला, रेतीबंदराच्या पुढे, कांदळवनाला पाठ लावून कांदळपाडा नावाची चाळीस घरांची कोळ्यांची वस्ती आहे. तिच्यासमोर खाडी वळते, त्या वळणावर एक खोल डोह आहे आणि त्या डोहात थोरला राहत होता. बाहेरच्यांना तो दिसायचा नाही, त्यांना पाण्यावर एक ओंडका तरंगताना दिसायचा. ज्याच्या ओठाला जन्मल्यावर पाचवीच्या दिवशी या खाडीचं पाणी लावलंय, त्यालाच तो दिसे. दोन बसगाड्यांएवढा लांब, गाळाच्या रंगाचा, गालफडाला लांब मिशा आणि पोटात विस्तव. थंडीत सगळी खाडी गारठलेली असली तरी डोहावरचं पाणी कोमट असायचं आणि पहाटे तिथून वाफ निघायची. कॉलेजात जाणारी पोरं त्याला ड्रॅगन म्हणत. मोठी माणसं थोरला म्हणत, कारण तो तांडेलांच्या घरातला थोरला भाऊ.

तो भाऊ कसा झाला त्याची गोष्ट अशी. कधीकाळी इथे एक राजा होता. राजा कसला, चार मिठागरांचा मालक, पण पागोट्याला तुरा लावायचा. त्याने डोहातल्या या जनावराला शांत करायला आपली मुलगी दिली. पोरगी तीन दिवस खडकावर बसून राहिली. राजपुत्र वगैरे कुणी आला नाही. तिसऱ्या दिवशी तिने पदरात बांधलेली भाकरी सोडली, अर्धी त्याच्यापुढे टाकली आणि पदराचा दोरा काढून त्याच्या मिशीला बांधला. संपलं. पुढे राजा गेला, मिठागरं गेली, त्या पोरीच्या वंशातलं तांडेलांचं घर तेवढं राहिलं. त्या घरातली थोरली मुलगी म्हणजे राजकन्या. दर नारळी पौर्णिमेला ऐन भरतीला ती थोरल्याच्या मिशीला दोरा बांधणार आणि आपल्या हाताने त्याला घास देणार. वर्षाचे बाकीचे दिवस राजकन्या चिंबोऱ्यांच्या नांग्या बांधते आणि मासळी बाजारात गिऱ्हाइकांशी भांडते.

हे नातं ती मरेपर्यंतचं. ती गेली की तिच्या बांगड्या फोडून भरतीच्या पाण्यात सोडायच्या, ही बातमी. ती मिळाली की थोरला अन्न सोडतो. मग तिची राख सोडायची. ती राख पाण्यातून प्यायला की त्याचं सुतक फिटतं आणि तो पुढच्या मुलीच्या हातचं खातो. नऊ वर्षांपूर्वी नामाची बहीण सगुणाआत्या, तेव्हाची राजकन्या, गेली तेव्हा त्याची धाकटी मुलगी दक्षता आठ वर्षांची होती. तिने हे सगळं बाबांच्या खांद्यावरून पाहिलं होतं. थोरल्याने राख पिऊन घेतली, मोठ्याने सुस्कारा टाकला आणि तिच्या थोरल्या बहिणीच्या, रचनाताईच्या हातून बोयाचा मासा खाल्ला. रचनाताई तेव्हा सोळा वर्षांची. ती हसत होती.

दक्षताला आई आठवत नाही. आई गेली तेव्हा दक्षता तीन वर्षांची होती. तिची वेणी घातली ती रचनाने, शाळेचा डबा केला तो रचनाने, आणि संध्याकाळी धक्क्यावर बसून लायब्ररीतली राजकन्या-ड्रॅगनवाली जाडजूड पुस्तकं वाचून दाखवली तीही रचनानेच. त्या पुस्तकांत शेवटी राजपुत्र तलवार घेऊन यायचा. रचना पुस्तक मिटून म्हणायची, "आपल्या थोरल्याला मारायला कोण आला ना, तर आधी आपण दोघी त्याला वल्ह्याने हाणू."

रचनाचा राजपुत्र आला तो पाना घेऊन. ठाण्यात ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. एकदा ती त्या इमारतीच्या लिफ्टमध्ये पाऊण तास अडकली आणि लिफ्टदुरुस्तीच्या सम्यक गायकवाडने तिला बाहेर काढलं. पुढचं काय सांगायचं. दोन वर्षांनी त्यांनी रजिस्टर लग्न केलं. नामाला मुलगा नापसंत पडला असंही म्हणता येत नाही, कारण त्याने मुलाला पाहिलंच नाही. त्याने आडनाव ऐकलं, वर्तकनगरचा पत्ता ऐकला, घर बौद्धांचं आहे हे ऐकलं आणि डोक्यात राख घालून घेतली. नारळी पौर्णिमा होऊन चारच दिवस झाले होते. रचनाच्या हिरव्या बांगड्या डब्यात होत्या. त्या घेऊन तो भरतीच्या वेळी धक्क्यावर गेला, दगडावर आपटून फोडल्या आणि सगळ्या वस्तीसमोर पाण्यात सोडल्या.

"माजी थोरली गेली रं," तो डोहाकडे तोंड करून ओरडला.

चाळीस घरं बघत होती. एकानेही त्याचा हात धरला नाही. सगळ्यांना वाटलं, उतरेल राग. पंधरा वर्षांची दक्षता सगळ्यांत पुढे उभी होती, तिनेही धरला नाही. नामाचा राग महिना-दोन महिन्यांत उतरलाही. पण थोरल्याला राग म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. त्याला बांगड्या ठाऊक होत्या.

त्या दिवसापासून तो राखेची वाट बघत होता.

पहिल्या थंडीत डोहावर वाफ आली नाही. वस्तीतली माणसं एकमेकांना 'यंदा थंडीच कमी' म्हणाली. पुढच्या नारळी पौर्णिमेला वस्तीने दक्षताला नवी साडी नेसवून धक्क्यावर उभी केली. भरतीचा हिशोब सगळ्यांना तोंडपाठ. तिथीची पाऊणपट करायची. पौर्णिमेची पंधरा, म्हणजे सव्वाअकरा, आणि समुद्राचं पाणी इथवर चढायला वर पावणेदोन तास. एकच्या ठोक्याला ती दोरा आणि मासा घेऊन पायरीवर बसली. तीन वाजेपर्यंत बसली. पाणी उतरलं, थोरला आला नाही. मासा कावळ्यांनी नेला.

मग तिने एक गोष्ट केली, जिची तिला पुढे कायम लाज वाटली. तिच्या फोनवर रचनाचा जुना आवाज होता, साधाच, 'दक्षू, कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की बंद कर' एवढाच. तिने फोन पाण्याजवळ धरला आणि तो लावला. डोह उसळला. थोरला छातीपर्यंत बाहेर आला, मान इकडून तिकडे फिरवायला लागला, धक्का हुंगला, होड्या हुंगल्या, दक्षताचे हात हुंगले. त्याला शब्द कळत नव्हते, आवाज आणि वास कळायचा. आवाज होता आणि वास नव्हता. त्याच्या बरगड्या एकेक मोजता येत होत्या. त्याने घशातून जो आवाज काढला तो पुन्हा कधी ऐकावा लागू नये म्हणून दक्षताने देवाला हात जोडले. मग तो खाली गेला आणि पाणी होतं त्याहून गार झालं.

तेव्हा तिला कळलं की तो रुसलेला नाही, म्हातारा झालेला नाही, खाडीच्या घाण पाण्याने आजारीही नाही. तो उपाशी आहे. रचनाताईची राख येईस्तोवर तो उपाशीच राहणार, आणि रचनाताई तर वर्तकनगरात जिवंत आहे.

नामालाही हे कळत होतं, हे दक्षताला पुढच्या वैशाखात कळलं. एका सकाळी ती बाबांना शोधत धक्क्यावर गेली तर तो पायरीवर बसला होता, शेजारी जिवंत निवट्यांची, गाळातल्या माशांची, बादली.

"खा रं," तो पाण्याला म्हणत होता. "एक घास तरी खा. तुज्या पायां पडतो. चूक माजी हाय, तू कशाला पोट जाळतंस?"

हा माणूस जनावराच्या पाया पडत होता आणि मुलीला फोन करत नव्हता.

"बाबा, त्याला नको सांगू. ताईला सांग," ती म्हणाली. "ती एकदा आली, त्याने एकदा तिला हुंगलं, की संपलं सगळं. तू बोलव तिला."

"कंच्या तोंडानं बोलवू गो?"

"ह्याच तोंडाने. ओरडलेलास ना ह्याच तोंडाने?"

नामाने बादली पाण्यात रिकामी केली आणि उठून गेला. निवट्या पोहत निघून गेल्या.

आषाढ लागेपर्यंत थोरल्याची पाठ ओहोटीला उघडी पडायला लागली होती. आधी तो एवढ्या वर कधी येत नसे, आता बहुधा त्याला खाली जायचंही बळ नव्हतं. दक्षताने ठरवलं, बाबांची वाट बघत बसलो तर हातचा जाईल. नारळी पौर्णिमेला नऊ दिवस असताना ती कॉलेज बुडवून, मैत्रिणीची स्कूटी घेऊन, नव्या पुलावरून ठाण्याला गेली. दोन वर्षांत ती ताईला भेटली नव्हती, फोनही केला नव्हता. बाबांनी शपथ घातली होती आणि तिने ती पाळली होती. वर्तकनगरच्या त्या जुन्या चार मजली इमारतीचा जिना चढताना तिला त्या शपथेची किळस आली.

दार रचनाने उघडलं.

"वेणी कोण घालतं गं तुझी?" रचना म्हणाली. "वाकडी आहे."

मग दोघी रडल्या. सम्यकची आई मीराबाई स्वयंपाकघरातून आली, बघितलं, आणि काही न विचारता पुन्हा आत जाऊन चहा टाकला. दक्षताने सगळं सांगितलं. बांगड्यांचं रचनाला ठाऊक होतं, असल्या बातम्या पोचवणारे लोक असतातच. थोरल्याचं मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं. फोनवरच्या आवाजाचं ऐकून तिने तोंडावर हात दाबून धरला.

"चल ना ताई. आत्ता चल. गाडी आहे खाली."

रचना उठली. चपलेपर्यंत गेली. तिथे थांबली.

"नाही," ती म्हणाली. "मी अशी चोरासारखी नाही येणार. लग्न झालेली मुलगी पहिल्यांदा माहेरी जाते तेव्हा माहेरचं माणूस न्यायला येतं. बाबांनी यावं. खाली उभं राहून हाक नाही मारायची, वर यायचं. घरात बसायचं. माझ्या सासूच्या हातचं पाणी प्यायचं. मग मी येते, अनवाणी येते."

"आणि तोवर थोरला?"

"माझा जीव तुटत नाही असं वाटतं का तुला?" रचनाचा आवाज फाटला. "पण मी अशी आले ना, तर त्या घरात मी कायम मेलेलीच राहीन. हे लोकही कायम बाहेरचेच राहतील. नऊ दिवस आहेत ना? नऊ दिवसांत त्याला एक ग्लास पाणी जड आहे का?"

दक्षताला राग आला आणि ताईचं पटलंही.

तिने घरी येऊन बाबांना जसंच्या तसं सांगितलं. नामा जाळं विणत होता, विणतच राहिला. एक दिवस गेला, दोन गेले, आठ गेले. आठव्या दिवशी संध्याकाळी त्याने भिंतीकडे बघत विचारलं, "भावेशचा टेम्पो मिळंल का सकाळी?"

दक्षता धावतच भावेशकडे गेली. शेजारचा भावेश मासळीची ने-आण करायचा. सणाच्या दिवशी तो टेम्पो धुऊन ठेवी, पण त्याने एका शब्दाने होय म्हटलं.

नारळी पौर्णिमेला ते नऊ वाजता निघाले. नामाने पांढरा सदरा घातला होता, मांडीवर नारळ आणि नव्या साडीची पिशवी. पावणेदहाला टेम्पो इमारतीखाली उभा राहिला. दक्षताचा जीव हलका झाला होता. एकची भरती, अकराला निघालो तरी चालेल, ती मनात म्हणत होती.

नामा जिन्यापर्यंत गेला. मग वळला आणि बाहेरच्या कठड्यावर बसला.

"जरा थांब," तो म्हणाला.

दहा वाजले. साडेदहा वाजले. समोरच्या टपरीवरून त्याने चहा घेतला, नंतर आणखी एक घेतला. टपरीवाल्याची जात त्याने विचारली नाही, हे दक्षताने बघितलं.

"बाबा, चल ना."

"जाऊ की. पळून का जातंय?"

"पाणी पळून जातंय."

"जरा थांब म्हटला ना."

तिला स्वतःला वर धावत जाता आलं असतं. ताईला ओढत खाली आणता आलं असतं, आणि वेळ पाहून रचना कदाचित आलीही असती. पण मग बाबा तो जिना जन्मात चढला नसता. दक्षताला दोन्ही हवं होतं, थोरलाही हवा होता आणि घरही हवं होतं. सतरा वर्षांच्या मुलीला दोन्ही हवं असणं हा काही गुन्हा नाही. तरी पुढे तिने तो स्वतःच्याच नावावर लिहून ठेवला.

सव्वाअकराला मीराबाई भाजीची पिशवी घेऊन खाली उतरली. तिने दक्षताला ओळखलं. कठड्यावरचा माणूस कोण हेही ओळखलं असणार, पण तिने काही बोलून दाखवलं नाही. ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"ऊन लागतंय इथं," ती म्हणाली. "वर येऊन बसा की."

नामाने मान खाली घातली. मीराबाई हलली नाही. पिशवी हातात धरून ती उन्हात तशीच उभी राहिली, आणि एका बाईला आपल्यापायी उन्हात उभं केलंय हे शेवटी नामाला सहन झालं नाही. तो उठला.

वर सम्यकने खुर्ची पुढे केली. मीराबाईने स्टीलच्या पेल्यातून पाणी आणलं. नामाने पेला दोन्ही हातांनी धरला आणि एका दमात संपवला. ठाण्याच्या नळाचं पाणी. दीड तास तो ज्याला भीत होता, ते हे. त्याने पेला खाली ठेवला आणि रचनाकडे बघून म्हणाला, "चल गो बाय. तुला न्यायला आलूय." रचनाला रडू कोसळलं. सम्यक म्हणाला, मीही येतो.

पावणेबाराला निघाले. आणि मग जे व्हायचं ते झालं. कशेळीपासून गाड्यांची रांग, माणकोली नाक्यावर एक कंटेनर आडवा. टेम्पो मुंगीच्या पावलाने सरकत राहिला. दक्षता फोनकडे बघत होती. साडेबारा. एक. आता पाणी भरलं असेल, धक्क्याच्या वरच्या पायरीला लागलं असेल. सव्वा. आता थबकलं असेल. दीड.

नामाने साडीची पिशवी इतकी घट्ट धरली होती की कागद फाटला.

दोन वाजता ते धक्क्यावर पोचले तेव्हा खालच्या चार पायऱ्या उघड्या पडल्या होत्या आणि पाणी परतीला लागलं होतं. वस्तीतली माणसं वाट बघून घरी जेवायला गेली होती.

"ताई, आता हाक नको मारू," दक्षता कळवळून म्हणाली. "ओहोटी लागलीये. तो आत्ता वर आला तर गाळात रुतेल, परत जायची ताकद नाही त्याच्यात. रात्रीच्या पाण्याला हाक मारू त्याला. बारा तास फक्त."

"नाही मारत," रचना म्हणाली. "बसून राहते इथेच. इतकं थांबलाय, बारा तास थांबेल."

आणि ती बसली. हाक तिने खरंच मारली नाही. ती फक्त दक्षताशी बोलत होती, धक्क्याकडे बघून बोलत होती, की ही पायरी केव्हा तुटली गं, आणि ते वडाचं रोप किती वाढलं. बोलता बोलता ती कशालातरी हसली.

डोह हलला.

"नको," दक्षता किंचाळली. "नको, थांब, तिथेच थांब!"

पण त्याला शब्द कळत नव्हते. तो आला. पोहत आला तोवर ठीक होतं. मग पाणी सरलं आणि गाळ लागला, तरी तो थांबला नाही. पोटावर सरपटत, पुढच्या पंजांनी गाळ ओढत, मध्ये थांबून धापा टाकत आला. रचना पायऱ्या उतरून गुडघाभर गाळात धावली. त्याने तिचे हात हुंगले, केस हुंगले, तोंड हुंगलं, पुन्हा हात हुंगले. मग त्याने आपलं भलंमोठं डोकं तिच्या मांडीवर टाकलं.

रचनाने दोरा बांधला. दक्षताने मासा आणून दिला, रचनाने तो त्याच्या तोंडात घातला. त्याने तोंड मिटलं. दोन वर्षांनी घास मिळाला, पण गिळायचं त्याला जमेना.

पाणी आणखी मागे गेलं. ऊन तापत होतं आणि थोरल्याची कातडी तडकायला लागली. दक्षताने वस्तीतली घरं बडवून माणसं बाहेर काढली. धक्क्यापासून पाण्यापर्यंत माणसांची रांग लागली, बादल्या, घागरी, मासळीचे टब, जे मिळेल ते हातोहात पुढे येऊ लागलं. भावेशने दोर आणले. वीस जणांनी ओढलं, तसूभर हलला नाही. नामा कमरेपर्यंत गाळात उतरून उघड्या हातांनी त्याच्या पोटाखालचा चिखल उपसत होता. पांढऱ्या सदऱ्याचा रंग ओळखू येत नव्हता.

सगळ्यांत पुढे सम्यक होता. कामावरची पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तो बादलीमागून बादली ओतत होता. त्याला पाचवीला या खाडीचं पाणी कुणी लावलं नव्हतं. त्याला दिसत होता तो एक ओंडका, आणि त्या ओंडक्याला मिठी मारून बसलेली बायको. दक्षताने त्याला विचारलं, "जिजू, तुम्हाला दिसतोय का तो?" त्याने मान हलवून नाही म्हटलं. "कुठे ओतू तेवढं सांग," तो म्हणाला.

चार तास त्यांनी पाणी घातलं. रचना त्याच्याशी बोलत होती, लहानपणी दक्षताशी बोलायची तशी, अर्थ नसलेलं काहीबाही. साडेसहाच्या सुमाराला, सूर्य पलीकडच्या टॉवरांमागे गेला तेव्हा, थोरल्याने एक श्वास सोडला. तो कोमट होता. दोन वर्षांनी पहिल्यांदा कोमट. दक्षताच्या चेहऱ्यावर त्याची वाफ आली आणि क्षणभर तिला वाटलं, आला, पोटातला विस्तव परत आला. ती ओरडलीसुद्धा, "ताई, बघ!" मग तो श्वास संपला आणि दुसरा आला नाही.

रचनाच्या मांडीवर एक ओंडका होता. काळा, चिखलाने माखलेला, एका टोकाला दोरा बांधलेला. दक्षताने डोळे चोळून पाहिलं. आजूबाजूची माणसंही तसंच करत होती. आता कुणालाच दुसरं काही दिसत नव्हतं.

मग नामा चिखलातून वर आला आणि रचनासमोर उभा राहिला.

"दीड तास खाली बसून होतो गो," तो म्हणाला. "तुज्या दाराखाली. पान्याचा एक पेला प्यायला दीड तास लावला मी. तो दीड तास नडला. मीच मारला त्याला." त्याचे खांदे हलायला लागले. "पून तू घरी चल. आता तरी चल, बाय. तुजं घर हाय ते."

रचनाने ओंडक्यावरचा हात काढला नाही. ती ओरडली नाही, चिडलीही नाही. दमलेल्या माणसासारखी बोलली.

"दीड तासाचं काय घेऊन बसलास, बाबा. दोन वर्षं होती ती. मी मेले असं तू म्हणालास, आणि त्याला ते खरं वाटलं. त्याने दोन वर्षं अन्नाला तोंड लावलं नाही. आणि तू? तू बोललास, घरी गेलास आणि जेवलास. रोज दोन वेळ जेवत होतास ना रे?"

नामाने चिखलाचे हात सदऱ्याला पुसले.

सम्यकने रचनाला हात दिला. ती उठली, दक्षताला पोटाशी धरलं, कानात म्हणाली, "तू ये माझ्याकडे, केव्हाही." मग ती चिखलाच्या पायांनी भावेशच्या टेम्पोत जाऊन बसली. बाबांच्या पायाला हात लावला नाही. नामा टेम्पो वळणाआड जाईपर्यंत उभा होता आणि नंतरही उभाच राहिला.

वस्तीने तीन दिवस जाळी टाकली नाहीत. चौथ्या दिवशी टाकली. पोटं आहेत, टाकणारच. खाडीत मासळी पूर्वीएवढीच मिळते, पाणी मात्र हिवाळ्यात इतर ठिकाणासारखंच गार असतं. दक्षता रविवारी ठाण्याला जाते, वेणी घालून घेते आणि संध्याकाळी परत येते. नामा दारात उभा असतो. रचना कशी आहे हे तो विचारत नाही, आणि दक्षता आपणहून सांगत नाही.

त्या पौर्णिमेच्या रात्री, सगळे गेल्यावर, दक्षताने भात केला, बाबांपुढे ताट ठेवलं, स्वतःलाही घेतलं. दोघं ताटावर बसून राहिले. कुणी घास उचलला नाही. भात गार झाला तशी तिने दोन्ही ताटं उचलून झाकून ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी नामा जेवला. चार घास खाल्ले, मग आणखी थोडा भात मागून घेतला. दक्षताने वाढला. डाव हातात धरून ती त्याच्याकडे बघत राहिली. बापाला भूक लागली होती यात त्याचा काही दोष नव्हता, हे तिला कळत होतं. तरी ते तिच्याने बघवेना. ती मागच्या दाराने बाहेर गेली. तो जेवून, हात धुऊन उठेपर्यंत ती आत आली नाही.